ग्रोनवोल्डबाईंची गैरहजेरी

कोटाची दुसरी बाही अंगात चढायच्या आतच ब्रॅनिगनने दारात हात आडवा धरला.

"कुठे निघालात?"

"घरी," आर्डिस ग्रोनवोल्ड म्हणाली.

"इथल्या फ्लॅटवर ना? काही आणायचं असेल तर सांगा, मी कुणाला तरी पिटाळतो."

"घरी म्हणजे घरी. डकोटात."

ब्रॅनिगनचा हात तसाच राहिला. तो सिनेटमधला त्यांच्या पक्षाचा प्रतोद. आपल्या बाजूची माणसं राखायची आणि मताच्या वेळी प्रत्येकाला आपापल्या बाकावर आणून बसवायचं, हे त्याचं काम. आर्डिसपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. पण या आठवड्यात त्याच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं उमटली होती त्यांनी वयाचं अंतर पार भरून काढलं होतं. गेले काही दिवस तो ऑफिसातल्या कोचावरच झोपत होता, आणि त्याच्या शर्टाच्या चुण्या ते लपवत नव्हत्या.

सरकारने किती कर्ज काढायचं याची एक मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली होती आणि सरकार त्या मर्यादेला जाऊन टेकलं होतं. ती वाढवली नाही तर तिजोरी कोरडी पडणार, म्हाताऱ्यांचं पेन्शन अडणार, सैनिकांचे पगार अडणार, हे दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक होतं. तरी विरोधक म्हणत होते, आधी गरिबांच्या धान्याची मदत कापा, मग बघू. आर्डिसचा पक्ष म्हणत होता, दाणाही कापणार नाही. दोर दोन्हीकडून ताणलेला. एका मताचा फरक. एक मत कमी पडून बरोबरी झाली असती तर निर्णय उपाध्यक्षांच्या हाती, आणि उपाध्यक्ष पलीकडच्या बाजूचे. विरोधकांची भाषणं संपली की लगेच मतदान, असं ठरलेलं होतं. ती कधी संपवायची हे मात्र विरोधकांच्या मनावर होतं. समोरच्या बाकांवरचं कुणी कमी झालेलं दिसलं, की त्यांच्या भाषणाची गाडी एकाएकी थांबणार, हे न कळायला ब्रॅनिगन काही कालचा पोर नव्हता. नेवाडाच्या म्हाताऱ्या सिनेटरना त्याने मांडीचं हाड मोडलेलं असताना चाकाच्या खुर्चीतून आणवलं होतं.

"आज नाही हो, आर्डिस," तो आवाज उतरवून म्हणाला. "उद्या सुटलं की मी स्वतः तुम्हाला विमानतळावर सोडतो. बॅग उचलतो तुमची."

आर्डिसने दुसरी बाही अंगात घातली. बटणं मात्र लावली नाहीत.

सकाळचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ती आपल्या गावच्या, लिडगार्डच्या शुश्रूषागृहात फोन करायची. तिथली परिचारिका तिच्या नवऱ्याच्या, ऑर्लिनच्या, कानाशी फोन धरायची आणि आर्डिस आपल्या प्रभूची प्रार्थना हळूहळू म्हणायची. हा तिचा नेम होता. सभागृह असो, प्रचार असो, ताप असो, तो चुकला नव्हता. सुरुवातीला ऑर्लिन बरोबरीने म्हणायचा. मग ओळी गळत गेल्या. मग शेवटचं 'आमेन' तेवढं उरलं, आणि गेल्या हिवाळ्यापासून तेही कधी यायचं, कधी नुसता श्वास यायचा. नवऱ्याच्या तोंडून स्वतःचं नाव शेवटचं केव्हा ऐकलं ते आठवायचा प्रयत्न तिने सोडून दिला होता.

आज त्याने प्रार्थना पहिल्या शब्दापासून म्हटली. मध्ये तीच अडखळली, तो नाही. आणि आमेन झाल्यावर त्याने खाकरून घसा साफ केला, शाळेत शिकवायला उभं राहताना करायचा तसा, आणि विचारलं, "आर्डिस, तू बोलतेस कुठून? घरी केव्हा येतेस?"

नंतर क्रिस्टाचा, मुलीचा, फोन आला. बाबांनी मला नावाने हाक मारली. दाढी करून मागितली. अंडं कच्चं राहिलंय म्हणून कुरकुर केली. डॉक्टर म्हणतात, असा उजेड कधी कधी पडतो, तो टिकत नाही. अर्धा दिवस, फार तर एक दिवस. आई, तू येऊ शकशील का?

"ब्रॅनिगन," आर्डिस म्हणाली, "मला जोडी मिळाली तर?"

तो आधी हसला, आणि ती हसत नाही हे पाहून थांबला.

जोडी ही सिनेटची जुनी रीत. कुणाच्या घरी मयत झालं, कुणाच्या मुलीचं लग्न असलं, की त्याने विरोधी बाजूचा एक जण गाठायचा आणि त्याला सांगायचं, मी नसेन, तू असूनही मत देऊ नकोस. एक इकडचं गेलं, एक तिकडचं गेलं, हिशेब जिथल्या तिथे. याचा कुठे कागद होत नाही. शब्द दिला की दिला. पूर्वी दर आठवड्याला अशा जोड्या लागत. अलीकडे कुणी नावही काढत नव्हतं.

"या सिनेटात?" ब्रॅनिगन म्हणाला. "त्यांच्यातला जो तुम्हाला जोडी देईल त्याला त्याचेच लोक उभा जाळतील. आणि समजा दिली, आणि ऐन वेळी फिरवली, तर? ठराव पडेल आणि तो कुणामुळे पडला हे तुमच्या राज्यातल्या प्रत्येक म्हातारीला पाठ होईल. कोण देणारे तुम्हाला?"

आर्डिसने त्याचा हात हलकेच बाजूला केला.

"विचारून बघते," ती म्हणाली.

* * *

रॉइस टॅकेट भोजनगृहाच्या कोपऱ्यात एकटाच घेवड्याचं सूप पीत बसला होता. आर्कान्साचा हा सिनेटर अंगाने धिप्पाड, पण चमचा धरायचा तो अगदी चिमटीत. आर्डिस समोर येऊन उभी राहिली तरी त्याने वर पाहिलं नाही.

"बस," तो म्हणाला. "उभ्या बाईपुढे मला घास उतरत नाही."

ती बसली. एकेकाळी या दोघांची घरं एकाच गल्लीत होती. तेव्हा निवडून आलेली माणसं बायकामुलांसकट वॉशिंग्टनला राहायची. आता सगळे गुरुवारी विमान पकडून पांगतात. शुक्रवारी संध्याकाळी कधी टॅकेटांकडे, कधी ग्रोनवोल्डांकडे जेवण असायचं. ऑर्लिन बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायचा, रॉइसची बायको वनेटा त्याला पीठ कुठे कुठे सांडलंय ते दाखवत उभी राहायची, आणि ज्यांनी दिवसभर सभागृहात एकमेकांचे वाभाडे काढलेले असत ती दोघं भांडी विसळायची. ते सगळं मागे पडलं होतं. गेल्या निवडणुकीत रॉइस तिच्या राज्यात येऊन तिच्याविरुद्ध भाषण करून गेला. सहकाऱ्याच्या राज्यात जाऊन त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही, ही सिनेटातली न लिहिलेली मर्यादा. वाघाच्या तोंडात हात घालणारे लोकही ती पाळत. रॉइसने ती मोडली. त्यानंतर दोघं लिफ्टमध्ये भेटली तरी दोघंही मजल्यांच्या आकड्यांकडे बघत.

"तुमच्या प्रतोदाने पाठवलं का?" रॉइसने विचारलं. "मला फोडायला? त्याला सांग, मी फार महाग आहे."

"त्याला आवडलेलं नाही मी आलेलं."

"मग बरोबर माणसाकडे आलीस."

आर्डिसने मिठाची डबी सरळ केली, पुन्हा वाकडी केली. मग तिने सकाळचं सांगितलं. प्रार्थनेचं, अंड्याचं, दाढीचं. ऑर्लिनने विचारलेला प्रश्न तिने शेवटी सांगितला. जोडी हा शब्द तिने उच्चारला नाही. तिला वाटलं होतं, तो शब्द उच्चारायला आपल्याला जड जाईल. पण तिची गोष्ट संपेपर्यंत त्याची गरजच उरली नाही.

रॉइसने पाव मोडला आणि न खाता बशीत ठेवला.

"तुझ्या राज्यात आलो होतो ना मी," तो म्हणाला, "त्या जत्रेत. गुरांच्या मांडवापाशी व्यासपीठ होतं. आमच्या पोरांनी लिहून दिलेलं भाषण. तू कशी राज्याला विसरलीस, वगैरे वगैरे. आणि बघतो तर पुढच्या रांगेत ऑर्लिन. हातात टोपी. माझ्याकडे बघून नुसता उजळलेला. मी तुझ्यावर तोंडसुख घेतोय आणि तो टाळ्या पिटतोय. माझं एकेक वाक्य होईपर्यंत थांबायचा, आणि मग जोरात."

आर्डिसने मिठाची डबी मुठीत धरली.

"भाषण झाल्यावर आला. मला म्हणतो, रॉइस, छान बोललास. वनेटाला घेऊन ये शुक्रवारी." रॉइसने बोटांनी कपाळ चोळलं. "वनेटाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याने स्वतः तिला खांदा दिलेला. तेव्हा मला कळलं. तुझ्या आधी कळलं असेल कदाचित."

"माझ्या आधी नाही," आर्डिस म्हणाली. "पण मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"मीही नाही."

बाजूच्या टेबलावरचे दोघे तरुण सिनेटर यांच्याकडे पाहून काहीतरी कुजबुजले. रॉइसने त्यांच्याकडे एकदा मान वळवली तसे ते आपल्या बशीत बघू लागले.

"मी अजून घरी जातो दर शनिवारी," तो म्हणाला. "किल्ली मीच काढतो, दिवे मीच लावतो. मग स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिथे काही नसतं माझं काम." त्याने हातरुमाल घडी करून बशीजवळ ठेवला. "उत्तरेकडे जायला थेट विमान नसेल तुला."

"मिनीॲपोलिसला बदलावं लागतं."

"मग बसलीस काय? जा. चुकेल."

तेवढंच. त्याने चमचा पुन्हा चिमटीत धरला. आर्डिस उठली, काहीतरी बोलावं म्हणून क्षणभर थांबली. पण त्याने वर पाहिलं नाही, तेव्हा निघाली.

ब्रॅनिगन जिन्यातच होता.

"हो म्हणाला?"

"जा म्हणाला."

"जा म्हणणं म्हणजे हो नव्हे, बाई." ब्रॅनिगनचा चेहरा ओढल्यासारखा झाला. "शब्द दिला का त्याने? मी मत देणार नाही, असं तोंडाने बोलला का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाच्या जोरावर निघालात?"

आर्डिस कोटाची बटणं लावत होती. शेवटचं बटण लावून तिने वर पाहिलं.

"मी त्याच्याबरोबर बारा वर्षं भांडी विसळली आहेत," ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.

* * *

विमानात तिने फोन बंद केला. मिनीॲपोलिसला उघडला तेव्हा ब्रॅनिगनचे निरोप रांगेने उभे होते. विरोधकांची भाषणं चालूच होती. मग, बहुधा तिची खुर्ची रिकामी असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, भाषणं एकदम आखडती झाली. टॅकेट कुठे आहे? टॅकेट ऑफिसात दार लावून बसला आहे. त्यांच्या पुढाऱ्याने त्याला बोलावून घेतलं आहे. टॅकेट अजून बाहेर आलेला नाही, म्हणून भाषणं पुन्हा लांबवली आहेत. शेवटच्या निरोपात नुसतं एवढंच होतं, देव करो आणि तुम्ही म्हणता ते खरं होवो. ब्रॅनिगन देवाचं नाव सहसा घेत नसे. आर्डिसने मनातल्या मनात त्याच्यासाठी दोन शब्द म्हटले, आणि रॉइससाठीही. स्वतःसाठी काय मागावं ते तिला सुचेना. तो जागा असू दे, एवढंच तिने म्हटलं.

क्रिस्टा विमानतळाबाहेर गाडी चालू ठेवूनच उभी होती. बिटाचा हंगाम होता. रस्त्यावर बिटाने भरलेले ट्रक चालले होते आणि वळणावळणावर डांबरी रस्त्यावर मातकट बिटं पडलेली होती. क्रिस्टाने आईला सगळी सकाळ पुन्हा सांगितली, यावेळी बारीकसारीक. बाबांनी खिडकीतून पाहून ओळखलं की धान्याच्या कोठाराला नवा रंग लावलाय. शाळेतल्या दोन मास्तरांची नावं घेतली. आई येतेय म्हटल्यावर म्हणाले, मग मला तो निळा शर्ट द्या.

"आणि आता?" आर्डिसने विचारलं.

"जेवल्यावर जरा डोळा लागला होता." क्रिस्टाने आरशात पाहिलं, मागे काहीच नसताना. "मी निघाले तेव्हा उठत होते."

आर्डिसने पर्समधून कंगवा काढला आणि गाडीच्या हादऱ्यांत केस विंचरले. मुलीने ते पाहिलं आणि गाडी थोडी हळू घेतली.

शुश्रूषागृहाच्या त्या खोलीचं दार उघडंच होतं. ऑर्लिन निळ्या शर्टात, दाढी गुळगुळीत केलेला, टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसला होता. वाळला होता, गळपट्टीत मान सैल झाली होती. पण पाठ तीच, आणि डोक्यावरून पाणी लावून मागे फिरवलेले केस तेच. आर्डिस दारात थबकली. इतक्या दूर येऊन शेवटच्या चार पावलांना तिचा पाय उचलेना.

त्याने मान वळवली. चेहऱ्यावर हसू आलं.

"या ना," तो म्हणाला. "बसा. तुम्ही चर्चतर्फे आलात का?"

क्रिस्टाने मागून आईचा दंड धरला. आर्डिसने तिच्या हातावर हात ठेवून तो सोडवला, आणि आत जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

"मी आर्डिस," ती म्हणाली.

"अरे वा. आमच्या हिचंही नाव तेच." त्याला त्याचा खरोखर आनंद झाला. मग त्याने बोट वर करून तिला गप्प राहायची खूण केली, अगदी आर्जवाने. "जरा थांबा हं, बोलू आपण. आता पुकारा होईल. तिचं नाव येईल."

टीव्हीवर सिनेटचं सभागृह होतं. बाक भरलेले. आर्डिसने स्वतःची रिकामी जागा लगेच ओळखली.

"रोज बघतात," क्रिस्टा तिच्या कानाशी म्हणाली. "मी तुला बोलले नाही. तू दिसलीस की शांत होतात. नाही दिसलीस तर चॅनेल बदलू देत नाहीत."

"कशी दिसते ती?" आर्डिसने त्याला विचारलं.

"हात नेहमी मांडीवर असतात तिचे. बाकी सगळे कसे येरझाऱ्या घालतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. ती बसलेली असते." तो स्क्रीनकडे पाहूनच बोलत होता. "आवाज लहान आहे. पण 'होय' म्हणते ना, ते तुम्हाला अगदी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येतं. मी तिला सांगायचो, असं बोल, जसं काही वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराला ऐकवायचंय." त्याने शर्टाची बाही ओढली. "आता पुष्कळ दिवसांत घरी आलेली नाही. काम असतं. मी काही म्हणत नाही."

पुकारा सुरू झाला. कारकून एकसुरात नावं घेत होता आणि माणसं होय, नाही म्हणत होती. ऑर्लिन पुढे सरकून बसला. त्याचे ओठ नावांबरोबर हलत होते.

"मिसेस ग्रोनवोल्ड."

सभागृहात कुणी बोललं नाही. कारकुनाने पुन्हा तेच नाव घेतलं. ऑर्लिनने कान पुढे केला, हात कानामागे धरला. पुकारा पुढच्या नावावर गेला.

"असं कसं?" तो म्हणाला. "चुकली नाही ती कधी." त्याने आर्डिसकडे पाहिलं, जणू हिला काही माहीत असेल. "बाहेर गेली असेल पाणी प्यायला. येईल. पुन्हा घेतात नाव."

आर्डिसला काही बोलायचं होतं. पण स्क्रीनवर ब्रॅनिगन भिंतीशी उभा दिसला, हात बगलेत घट्ट धरून; आणि तिला एकदम आठवलं की अजून दुसरं काहीतरी व्हायचं आहे. नावं खाली सरकत होती. पी, आर, एस.

"मिस्टर टॅकेट."

रॉइस आपल्या बाकावर होता. त्याच्या शेजारी त्यांचा पुढारी वाकून उभा होता, एक हात त्याच्या खांद्यावर. रॉइस समोर पाहत राहिला. बोलला नाही. कारकून क्षणभर थांबून पुढे गेला. आर्डिसच्या मनात आलं, आपण काय केलं हे. बिटाच्या गाड्या चालवणारे, इथे शेजारच्या खोल्यांत पडलेले, सगळ्यांच्या तोंडचा घास आपण एका 'जा' या शब्दावर पणाला लावून आलो, आणि ज्याच्यासाठी आलो तो आपल्याला चर्चची बाई समजतो आहे. तिचे हात मांडीवर होते. ते तिने एकमेकांत गुंतवले.

सगळी नावं झाली. मग रॉइस उठला. खांद्यावरचा हात गळून पडला.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "या मतदानात माझी उत्तर डकोटाच्या सिनेटर ग्रोनवोल्ड यांच्याशी जोडी आहे. त्या हजर असत्या तर त्यांनी 'होय' म्हटलं असतं. मला मोकळीक असती तर मी 'नाही' म्हटलं असतं. म्हणून मी माझं मत देत नाही."

त्याच्या बाजूच्या बाकांवरून एक गुरगुर उठली. कुणीतरी काहीतरी फेकून निघून गेलं. पुढाऱ्याने पाठ फिरवली. रॉइस खाली बसला आणि आपले हात पाहू लागला. ब्रॅनिगनने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं होतं.

"झालं," क्रिस्टा दारातून हळूच म्हणाली. "एका मताने झालं पास."

आर्डिसने मान हलवली. तिला रॉइसचं स्वयंपाकघर दिसत होतं, आणि पुढच्या निवडणुकीनंतर तो तिथे शनिवारीच नव्हे, रोज उभा असेल, हेही.

"तो रॉइस," ऑर्लिन म्हणाला. तो आता खुर्चीत मागे टेकला होता, चेहरा निवलेला. "आमचा शेजारी. वल्गना फार करतो, पण माणूस चांगला." मग तो विचारात पडला. त्याच्या कपाळावर आठी आली आणि हळूहळू गेली. "ऐकलंत का तुम्ही? तो म्हणाला, त्या हजर असत्या तर. म्हणजे ती तिथे नाहीच."

"नाही," आर्डिस म्हणाली.

"मग निघाली असणार."

"कुठे?"

"घरी. दुसरीकडे कुठे जाणार?" तो जवळजवळ हसला, हिला एवढंही कळू नये म्हणून. त्याने गळपट्टीचं बटण चाचपलं, शर्टाची पुढची बाजू हाताने सारखी केली. खोलीभर एकदा नजर फिरवली. पलंगावरची चादर, खिडकी, आणि शेवटी आर्डिस बसली होती ती खुर्ची. तो थोडा संकोचला.

"एक सांगू? राग मानू नका," तो म्हणाला. "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण ती आली की तिला इथे खिडकीशी बसायला आवडतं. दमून आलेली असेल."

"हो, हो," आर्डिस म्हणाली. "नाही, राग कसला."

ती उठली. खुर्चीवरची उशी तिने झटकून नीट ठेवली, आणि तो पाहत होता म्हणून खुर्ची थोडी उजेडाकडे वळवली. त्याने समाधानाने मान डोलावली. दारातून जाताना क्रिस्टाने तिला विचारलं, आई, कुठे चाललीस. पण आर्डिसने तिला नुसतं खुणेने आतच थांब म्हटलं, आणि बाहेर येऊन दार आपल्यामागे ओढून घेतलं.

व्हरांड्यात संध्याकाळच्या कॉफीची गाडी येत होती. ढकलणाऱ्या बाईने तिला ओळखून काही विचारलं, तर आर्डिसने हसून नको म्हटलं. गाडी पुढे गेल्यावर ती दाराकडे वळली. केसांवरून हात फिरवला. मग दारावर टकटक केली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जावी एवढी.

आत टीव्ही बंद झाला. आणि मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.